गिअर सुटण्याचे निदान

यंत्रांच्या व्याधींचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील व्याधी यंत्राला थांबवितात. बॅटरी उतरते, पेट्रोलच्या नळीत कचरा अडकतो, क्लचप्लेट जळते, आणि गाडी जागच्या जागी उभी राहून आता पुढे जाणे नाही असे मालकाला स्वच्छ सांगते. दुसऱ्या वर्गातील व्याधी यंत्राचे चलन चालू ठेवतात. पण त्याची कोठेतरी असलेली पकड सोडवितात, आणि तीही सदासर्वकाळ न सोडविता, माणसाने त्या पकडीवर आपला सगळा भरवसा टाकलेला असतो नेमक्या त्या क्षणी सोडवितात. मोटारीचा गिअर आपोआप सुटणे ही या दुसऱ्या वर्गातील व्याधी होय. आणि तिचा विचार मला केवळ मोटारीपुरता कधीच वाटला नाही.

कराडहून पाटण आणि कोयनानगर मागे टाकून चिपळूणकडे जाणारा रस्ता कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतो. भरलेली गाडी घेऊन तो घाट उतरणारा जाणता चालक केवळ ब्रेकवर विसंबून राहत नाही. तो गाडी खालच्या गिअरमध्ये घालतो, अॅक्सिलरेटरवरील पाय उचलतो, आणि एरवी चाकांना ओढणारे इंजिन आता चाकांकडूनच फिरविले जात असल्यामुळे त्यांचा वेग आपल्या अंगावर घेऊन आवरून धरते. या स्थितीत गिअर सुटला की दांडा खटकन न्यूट्रलला येतो, इंजिनाचा आवाज एकाएकी खाली बसतो, आणि गाडीवरचा लगाम नाहीसा होऊन ती उतारावर मोकळी धावू लागते. पुढचा सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर पडतो. आणि लांब उतारावर तापत गेलेल्या ड्रमची पकड कमी कमी होत जाते, हे घाटातून वाहने नेणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. आमच्या शेतीच्या कामावर असलेल्या, तीन गिअरच्या जुन्या जीपला हीच व्याधी जडली होती. तिचा दुसरा गिअर सुटत असे, आणि तो घाट उतरतानाच सुटत असे.

या व्याधीचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी गिअरबॉक्सच्या पोटात काय घडते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. गेल्या शतकाच्या आरंभीच्या मोटारींत चालक दांडा हलवी तेव्हा सबंध चक्रच शाफ्टवरून सरकत जाऊन दुसऱ्या फिरत्या चक्रात शिरे. दातांवर दात आदळत, आणि दोहोंचे वेग जुळवून आणण्याचे कौशल्य चालकाच्या पायांत आणि कानांत असावे लागे. पुढे चक्रे परस्परांत कायमची गुंतलेली ठेवण्याची पद्धत रूढ झाली, आणि 1928 साली अमेरिकेतील कॅडिलॅक कारखान्याने अर्ल थॉम्पसन या अभियंत्याच्या कल्पनेवरून सिंक्रोमेशची योजना आपल्या मोटारींत आणली. या योजनेत दोहोंचे वेग घर्षणाच्या साहाय्याने आधी जुळतात आणि जोडणी मागाहून होते. चक्रे आपापल्या जागी फिरत राहतात. सरकते ती केवळ आतून दात असलेली एक बांगडीवजा स्लीव्ह. ती सरकून ज्या चक्राच्या अंगच्या बारीक दातांवर बसते, ते चक्र शाफ्टशी एकजीव होते, आणि त्या गिअरमध्ये गाडी चालू लागते.

इंजिनाची सगळी शक्ती, भरल्या गाडीचे सगळे वजन आणि घाटाचा सगळा उतार हे सारे, काही मिलिमीटर रुंदीच्या त्या बारीक दातांच्या जोडणीतून जाते, ही गोष्ट मला प्रथम कळली तेव्हा मी विस्मित झालो. दांड्याच्या खाली ज्या सळईवर स्लीव्हला सरकविणारा फोर्क बसविलेला असतो तिला खाचा असतात, आणि स्प्रिंगने दाबलेली एक पोलादी गोळी त्या खाचेत बसते, हे खरे. परंतु त्या गोळीचे काम सळईला तिची जागा दाखविण्याचे आहे, गाडीचा भार धरण्याचे नव्हे. भार धरतो तो दातांचा आकार. कुशल कारागीर त्या दातांच्या बाजू सरळ न ठेवता त्यांना मागल्या अंगास दोनचार अंशांचा उतार देतो, म्हणजे टोकाशी दात किंचित रुंद आणि मुळाशी किंचित अरुंद होतो. त्यामुळे भार जितका वाढेल तितकी स्लीव्ह आत ओढली जाते. विहिरीत सोडलेल्या आकड्यात घागर अडकली म्हणजे तिचे वजनच तिला आकड्यात घट्ट बसविते, आणि तोच आकडा झिजून सरळ झाला म्हणजे तेच वजन तिला सोडविते. गिअरच्या दातांचा न्यायही हाच आहे. टोके झिजून गोल झाली आणि उताराची दिशा उलटली, की एके काळी बांधून ठेवणारा भार आता बाहेर लोटू लागतो. भार तोच असतो आणि रस्ताही तोच असतो. बदललेला असतो तो फक्त एका पृष्ठाचा कल.

ज्या मिस्त्रींकडे आम्ही ती जीप नेली त्यांचे गॅरेज कराडच्या बाहेर, पत्र्याच्या छपराखाली होते. माणूस वयस्क, मितभाषी, आणि हातात पाना घेण्यापूर्वी दीर्घकाळ प्रश्न विचारणारा. गाडी आत घेण्याआधीच त्यांनी मला आणि आमच्या चालकास, ज्यांना घरातील लहानथोर सारे तात्या म्हणत, समोर बसवून घेतले आणि एखाद्या कसलेल्या मामलेदाराने फिर्यादीची जबानी घ्यावी तशा शांतपणे तपासास आरंभ केला.

"तात्या, दुसराच सुटतो का टॉपबी सुटतो?"

"टॉप धरतोय. पयलाबी धरतोय. दुसराच सोडतोय."

"चढाला का उताराला?"

"उताराला. चढाला निस्ता खेचत नेतोय."

"पाय उचलल्या उचलल्या सुटतो, का खड्ड्यात आदळल्यावर?"

"पाय उचलला की दांडा थरथरतोय, आन मग सुटतोय."

या तीनचार प्रश्नोत्तरांत निदानाचा अर्धा मार्ग संपला होता, हे मला नंतर समजले. सर्वच गिअर सुटत असते तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या बाहेर, म्हणजे इंजिनाच्या फाउंडेशनच्या रबरांत, ढिल्या बोल्टांत किंवा दांड्याच्या जोडांत शोधावा लागला असता. केवळ टॉप, म्हणजे तिसरा, सुटत असता तर पहिला संशय इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या बेल हाउसिंगच्या सरळपणावर गेला असता. कारण टॉपमध्ये पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट थेट एकमेकांस जोडले जातात, आणि त्यांचे अक्ष एका रेषेत नसले तर प्रत्येक फेऱ्यागणिक जोडणी किंचित किंचित सरकत बाहेर येते. खड्ड्यात आदळल्यावर सुटत असता तर सळईवरील गोळीची स्प्रिंग मऊ पडल्याचा संशय घेणे रास्त झाले असते. परंतु दुसरा आणि टॉप हे दोन्ही गिअर एकाच स्लीव्हने आणि एकाच फोर्कने पडतात. त्यांपैकी एक टिकतो आणि दुसरा सुटतो, तोही भाराची दिशा उलटल्यावरच सुटतो, या एवढ्या हकिगतीवरून संशयाचे क्षेत्र एका स्लीव्हच्या एका बाजूपर्यंत आकुंचित झाले. पान्याला हात न लावता हे झाले होते.

आपल्या प्राचीन वैद्यकाने निदानाची पाच अंगे सांगितली आहेत. चरकसंहितेच्या निदानस्थानात ती येतात, आणि पुढे माधवकराच्या ग्रंथानेही तीच परंपरा चालविली: निदान म्हणजे व्याधीचा हेतू, पूर्वरूप म्हणजे व्याधी प्रकट होण्यापूर्वीची चिन्हे, रूप म्हणजे प्रकट लक्षणे, उपशय म्हणजे कशाने बरे वाटते आणि कशाने वाढते याची परीक्षा, आणि संप्राप्ती म्हणजे हेतूपासून व्याधीपर्यंतचा प्रवास. त्या मिस्त्रींनी चरकाचे नाव ऐकले होते किंवा नाही हे मी त्यांस विचारले नाही. परंतु त्यांच्या कामाचा क्रम पाहता पाहता ही पाचही अंगे माझ्यासमोर एकामागून एक उलगडत गेली, आणि शास्त्र हे पोथीत जितके असते तितकेच ते नीट विचार करणाऱ्या हातांतही असते, हे मला प्रत्यक्ष दिसले.

रूप तात्यांनी सांगितले होते. पूर्वरूप मिस्त्रींनी खोदून काढले: गिअर सुटू लागण्यापूर्वी बऱ्याच आधीपासून दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलताच दांड्याला बारीक कंप येत असे, आणि एक दबलेला घरघराट ऐकू येत असे. माणसाच्या अंगी जशी कसर येते तशी यंत्राच्या अंगीही येते. पण गाडी चालते आहे एवढ्या समाधानात आपण तिची नोंद घेत नाही. त्यानंतर उपशयाची पाळी आली. मिस्त्री स्वतः जीपमध्ये बसले, आम्हांस बरोबर घेऊन जवळच्या एका उतारावर गेले, आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय पुन्हा पुन्हा दाबून सोडीत त्यांनी आपला तळवा दांड्यावर नुसता टेकवून ठेवला. दांडा धरावयाचा नाही, केवळ तो काय करू पाहतो ते जाणून घ्यावयाचे, असा त्या स्पर्शाचा हेतू होता. दांडा एकदम उसळत नव्हता. तो हळूहळू, निश्चयाने, हाताला मागे लोटीत येत होता. उसळणारा दांडा हादऱ्याची साक्ष देतो, आणि लोटणारा दांडा दातांच्या पृष्ठांची. वैद्याने नाडीवर बोटे ठेवावीत त्याच अवधानाने ती परीक्षा चालली होती.

तरीही परत आल्यावर त्यांनी गिअरबॉक्स उघडला नाही. आधी दांड्याखालचे रबरी बूट वर करून पाहिले, कारण आखडलेले बूटसुद्धा दांड्याला मागे ओढून पूर्ण आत बसू देत नाही. मग इंजिनाचे फाउंडेशन पाहिले. पाय दाबताच आणि सोडताच इंजिन किती डुलते ते एकाला आत बसवून दुसऱ्याने पाहावयाचे असते. मग बेल हाउसिंगचे आणि गिअरबॉक्सचे बोल्ट एकामागून एक तपासले. कमी खर्चाचे आधी, अधिक खर्चाचे मागाहून. बाहेरचे आधी, आतले मागाहून. जे पुन्हा पूर्ववत करता येते ते आधी, आणि जे उघडल्यावर काही ना काही बदलणे भाग पडते ते सर्वांत शेवटी. या क्रमात मालकाच्या पैशाविषयीची प्रामाणिक काळजी आहे, आणि यंत्राविषयीचा आदरही आहे. ज्याला संशयाचा क्रम लावता येत नाही तो मनुष्य सबंध गिअरबॉक्स खोलून, सगळे बदलून, रोग गेला असे सांगू शकतो. परंतु रोग कोणता होता हे तो सांगू शकत नाही, आणि म्हणून तो पुन्हा येणार नाही असेही त्याला सांगता येत नाही.

शेवटी तेल काढले. परातीत पडलेले ते काळपट तेल मिस्त्रींनी उन्हात धरून बोटांत चोळले. त्यात पितळी रंगाची चमक होती, म्हणजे सिंक्रोनायझरची रिंग झिजत होती. आणि पोलादाचे बारीक कणही होते, म्हणजे दात झिजत होते. टॉप कव्हर उतरविले तेव्हा त्याच्याबरोबर फोर्कही वर आले, आणि खालची स्लीव्ह उघडी पडली. स्क्रू ड्रायव्हरने ती दुसऱ्या गिअरकडे सरकवून मिस्त्रींनी मला जवळ बोलाविले. दातांच्या ज्या बाजू जोर देताना भार घेतात त्या बऱ्यापैकी धारदार होत्या; परंतु ज्या बाजू पाय सोडल्यावर, उतारावर गाडी आवरताना भार घेतात, त्या गोल आणि तिरप्या झाल्या होत्या. वर्षानुवर्षे त्या गाडीने घाट उतरले होते, आणि प्रत्येक उतरणीची नोंद त्या एका अंगावर झालेली होती. चक्र बोटांनी पुढे मागे हलविले तर ते शाफ्टवर जरुरीपेक्षा अधिक सरकत होते, कारण त्याच्या पाठीमागचा वायसर झिजला होता. तिरप्या दातांची चक्रे फिरताना शाफ्टच्या दिशेने रेटा देतात, आणि भार उलटला की तो रेटाही उलटतो. म्हणून पाय उचलताच दुसऱ्या गिअरचे चक्र स्लीव्हपासून किंचित दूर जाई, आणि आधीच उथळ झालेली पकड आणखी उथळ होई.

येथपर्यंत हेतू सापडला. संप्राप्ती अजून उरली होती, आणि ती मला सर्वांत बोधप्रद वाटली. फोर्कच्या दोन्ही टोकांवर, जेथे तो स्लीव्हच्या खोबणीत बसतो तेथे, चकचकीत झीज दिसत होती. मिस्त्रींनी ती बोटाने दाखविली आणि तात्यांकडे वळून विचारले, "दांड्याला हात लावून ठेवायची सवय हाय नव्हं?" तात्यांनी मान हलविली, गिअर सुटू लागल्यापासून ते घाटात दांडा हाताने दाबून धरीत, आणि मुक्काम लांबचा असला तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दांड्याला बांधून सीटशी अडकवीत. हा उपाय अनेक चालक करतात, आणि त्या क्षणी तो प्राण वाचवितो, हे कोणी नाकारणार नाही. परंतु फोर्क हा स्लीव्हला सरकविण्यासाठी आहे, भार धरण्यासाठी नाही. हाताचा दाब दांड्यातून सळईवर, सळईवरून फोर्कवर, आणि फोर्कवरून फिरत्या स्लीव्हवर अखंड पडत राहिला म्हणजे फोर्कची टोके झिजतात; टोके झिजली की दांडा पूर्ण लोटूनही स्लीव्ह पूर्ण आत जात नाही; ती पूर्ण आत गेली नाही की भार दातांच्या केवळ टोकांवर येतो; टोके आणखी गोल होतात; गिअर आणखी लवकर सुटतो; आणि हात आणखी जोराने दाबावा लागतो. अशा रीतीने उपाय स्वतःच हेतूंच्या मालिकेत जाऊन बसतो. उपशयाच्या परीक्षेपुरता हात ठेवणे हे ज्ञान होते. तोच हात कायमचा ठेवणे ही व्याधीची वाढ होती.

स्प्रिंग अधिक कडक घालून चालणार नाही काय, असे मी विचारले. मिस्त्रींनी शांतपणे सांगितले की कडक स्प्रिंगने काही दिवस गिअर टिकेल, पण सगळा जोर पुन्हा फोर्कवरच येईल, आणि गिअर टाकताना दांडाही जड होईल. दुसऱ्या गिअरचे चक्र, स्लीव्ह आणि हब, पितळी रिंग, वायसर आणि फोर्क एवढे बदलावयाचे ठरले. खर्च वाचविण्यासाठी स्लीव्ह जुनीच ठेवावी अशी सूचना तात्यांनी केली, ती मिस्त्रींनी मान्य केली नाही. जुन्या स्लीव्हच्या झिजलेल्या दातांवर नवे चक्र घातले म्हणजे जुन्याची खोड नव्याला लागते, आणि ज्यांनी मिळून भार वाहावयाचा त्यांची पृष्ठे मिळूनच नवी असावी लागतात, असा त्यांचा आग्रह होता. जोडणीच्या वेळी चक्राची सरक त्यांनी फिलर गेजने मोजली आणि योग्य जाडीचा वायसर निवडला. इंचाच्या हजाराव्या भागांत होणारे ते मोजमाप पाहताना, घाटातील माणसांचे प्राण किती सूक्ष्म अंतरावर अवलंबून असतात याची जाणीव मला झाली.

त्या दिवसापासून, जेथे जेथे एखादी चालती व्यवस्था आयत्या वेळी हात सोडते तेथे मी त्या मिस्त्रींच्या क्रमाने विचार करू लागलो आहे. एखाद्या कचेरीचे दफ्तर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते आणि तो एक दक्ष कारकून रजेवर गेला की कोलमडते. तेव्हा सर्वांचा सूर त्या कारकुनाची स्तुती करण्याचा आणि त्याला रजा नाकारण्याचा असतो. त्याची स्तुती योग्यच आहे. परंतु त्याने इतकी वर्षे काय हाताने धरून ठेवले होते, नियमांचे कोणते कंगोरे झिजले म्हणून त्याला ते धरावे लागले, आणि त्याच्या त्या धरण्यामुळेच ती झीज वरिष्ठांच्या नजरेआड राहून वाढत गेली काय, हा तपास कोणी करीत नाही. एखाद्या शाळेत, एखाद्या सहकारी संस्थेत, एखाद्या कुटुंबातही असेच घडते: समर्थ माणसाचा हात मोडकळीला आलेल्या जोडणीवर ठेवला जातो, आणि त्या हाताच्या सामर्थ्यालाच आपण व्यवस्थेचे सामर्थ्य समजतो.

पकड ही बळाची गोष्ट आहे, असा आपला सार्वत्रिक समज आहे. म्हणून काही सुटले की आपण अधिक बळ लावतो, अधिक कडक स्प्रिंग घालतो, अधिक कडक हुकूम काढतो. गिअरबॉक्सची रचना याच्या उलट साक्ष देते. ज्यांची पृष्ठे योग्य कलाने घडविलेली आहेत त्यांना भार घट्ट करतो, आणि ज्यांचा कल उलटला आहे त्यांना भारच सोडवितो. म्हणून मोडलेल्या विश्वासाचे निदान करताना कोणाला दोष द्यावा हा प्रश्न बराच नंतरचा आहे. कोणत्या गिअरमध्ये सुटले, चढावर की उतारावर, जोर देताना की जोर काढून घेताना, हे आधी विचारले पाहिजे, आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतल्याखेरीज पान्याला हात लावता कामा नये. विचारणाऱ्याच्या ठायी हा धीर असेल, तर सुटणारी बहुतेक व्यवस्था आपले दुखणे स्वतःच सांगते. आणि जे दुखणे नीट सांगितले गेले, त्याची दुरुस्ती कितीही कष्टाची असली तरी ती अंधारात चाचपडत करावी लागत नाही.